अक्षरांच्या वाटा – लेखांक ९ : गुंजाल्याची लिपी

गुंजाला हे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातलं गोंडवस्तीचं गाव. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचा कारभार ज्या डोंगराळ मुलखावर चालतो, त्यातच ते येतं. या गावातल्या घरांतून सुमारे डझनभर हस्तलिखितं हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासपथकाच्या हाती आली. पथकाचं नेतृत्व प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्याकडे होतं. मजकूर गोंडीत होता, पण अक्षरं देवनागरी नव्हती, तेलुगू नव्हती, उर्दूही नव्हती. जाणकारांनी या पोथ्यांचा काळ साधारण १७५० चा धरला आहे. त्यांत वारांची, महिन्यांची आणि सणांची नावं आहेत, विधींची माहिती आहे, मुलखाच्या इतिहासाच्या नोंदी आहेत. हीच गुंजाला गोंडी लिपी. पोथ्या उजेडात आल्या तेव्हा ती वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि तीही उतारवयातली होती.

लिपी असूनही तिचा बाहेर पत्ता का नव्हता, हे समजायला या भागातली प्रधान जमात पाहावी लागते. प्रधान हे गोंडांचे गाथागायक. एकेका प्रधान घराण्याचं नातं ठरावीक गोंड कुळांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं असतं. देवकार्याला, मृताच्या विधीला किक्री हे तंतुवाद्य घेऊन यायचं, कुळाच्या उत्पत्तीची कथा गायची आणि त्याचा मान घ्यायचा, असा रिवाज आहे. मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे आदिलाबादकडच्या प्रधानांची घरातली बोली मराठी. घरात मराठी आणि देवासमोर गोंडी, अशी ही दुभाषी माणसं. गोंडांच्या कथा त्यांनीच सांभाळल्या. या परंपरेत ज्ञान कंठात राहतं आणि घराण्यातून घराण्यात जातं, त्याला बाजार लागत नाही. असलेली पोथीही घरातच राहते.

ही साखळी हळूहळू ढिली झाली. निजामाच्या राज्यात दरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू होती. १९५६ नंतर आंध्र प्रदेशात तेलुगू आली. सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत कुठल्याच कागदाला गोंडी अक्षरांची गरज पडली नाही. १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने जैनूरजवळच्या मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं. गोंड मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायचं, हा विचार त्या काळी फार पुढचा होता. पण तिथली गोंडी पुस्तकं निघाली ती देवनागरीत, कारण या मुलखात मराठीचा वावर मोठा होता. निवड व्यवहाराची होती, तिला दोष देता येत नाही. तरीही मारलवाईच्या आसपासच्याच डोंगरांत गोंडीची स्वतःची अक्षरं घरात पडून होती, हे आज वाचताना जीव हळहळतो.

दुसरीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी एक वेगळी लिपी घडवली. तिला मसराम गोंडी म्हणतात. म्हणजे एका भाषेच्या दोन लिपी झाल्या आणि व्यवहारात दोन्ही मागे पडल्या. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. ते अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. महाराष्ट्रातला गोंड देवनागरी शिकतो, तेलंगणातला तेलुगू. गडचिरोलीच्या गोंडाने लिहिलेलं गोंडी पत्र उटनूरच्या गोंडाला ऐकून बरंच समजेल, पण वाचता येईलच असं नाही.

गुंजाला लिपीची ठेवण मात्र परकी नाही. ती डावीकडून उजवीकडे लिहितात. देवनागरीप्रमाणे प्रत्येक व्यंजनात ‘अ’ धरलेला असतो आणि इतर स्वरांसाठी मात्रा लागतात. वेगळा आहे तो व्यंजनांचा क्रम. देवनागरीत क, ख, ग अशी सुरुवात होते, इथे ती य, व, ब, भ, म, क, ख अशी होते. लिपी नुसती उसनी घेतली असती तर क्रमही सोबत आला असता. या क्रमावरून दिसतं की ही अक्षरं शिकवण्याची इथली स्वतःची पद्धत होती आणि ती कुणीतरी कुणाला तरी पाठ करून देत होतं.

२०१४ च्या सुरुवातीला ही लिपी आणि तिचा प्राथमिक फॉन्ट लोकांसमोर आला. पण फॉन्ट तयार झाला म्हणजे लिपी संगणकावर आली असं होत नाही. मराठीत ज्यांनी जुन्या श्रीलिपीच्या किंवा कृतिदेवच्या फाइली हाताळल्या आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. कारण संगणक आतमध्ये इंग्रजी अक्षरच साठवत होता, फॉन्ट त्याच्यावर फक्त मराठी चित्र चढवत होता. अक्षराला स्वतःचा क्रमांक लागतो. जगभर एकच मानला जाईल असा क्रमांक देण्याचं काम युनिकोड करतं. देवनागरीला तो १९९१ मध्ये, पहिल्याच आवृत्तीत मिळाला. मसराम गोंडीला जून २०१७ मध्ये मिळाला आणि गुंजाला गोंडीला जून २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत. अंशुमान पांडे यांनी या दोन्ही लिपींचे प्रस्ताव मांडले होते.

क्रमांक मिळाल्याने काय होतं ते ‘जोहार’ या एका शब्दात पाहता येतं. गोंडांमध्ये भेटीला हा शब्द वापरतात. तो लिहिताना संगणक पाच क्रमांक एकामागोमाग साठवतो : ज, ओची मात्रा, ह, आची मात्रा, र. ज्या फोनमध्ये गुंजाला लिपीचा फॉन्ट आहे तिथे शब्द नीट दिसतो. नसेल तिथे पाच रिकामे चौकोन दिसतात. चौकोन दिसले तरी शब्द हरवलेला नसतो, आतले क्रमांक जसेच्या तसे असतात आणि फॉन्ट बसवला की अक्षरं वर येतात. गूगलच्या नोटो फॉन्टसंचात आता गुंजाला गोंडीचाही फॉन्ट आहे आणि तो फुकट मिळतो.

एवढं झाल्यावर लिपी वाचली असं म्हणता येईल का? याचं उत्तर शोधायला एक दूरचं उदाहरण उपयोगी पडतं. इंटरनेट घराघरात पोचण्याआधी परदेशांत लोक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांच्या संगणकांना जोडून घेत. त्या पडद्यावर चित्र दाखवायची सोय नव्हती, होती ती फक्त अक्षरं : आयबीएमच्या तक्त्यातली २५६ चिन्हं, एका ओळीत ८० आणि मोजके १६ रंग. तरुण मुलांनी या चिन्हांतूनच चित्रं रचली. १९९० मध्ये ‘ॲसिड’ आणि १९९१ मध्ये ‘आइस’ असे गट उभे राहिले. टोपणनावांनी वावरणारी ही मंडळी महिन्याच्या महिन्याला चित्रांचे गठ्ठे काढत आणि त्यांच्या वर्तुळाबाहेर कुणाला त्याची खबर नसे. १९९६-९७ च्या सुमारास वेब पसरलं, फोटो सहज दिसू लागले आणि या कलेचं घरच गेलं. गट विस्कटले. पण काही जण थांबले नाहीत. नव्या पिढीतले काही लोक आजही त्याच २५६ चिन्हांत, त्याच १६ रंगांत चित्रं काढतात. त्यांचं काम टिकलं ते तक्ता शिल्लक होता म्हणून, आणि त्याहून जास्त तक्त्यावर बसून काम करणारे हात शिल्लक होते म्हणून.

गुंजाल्याची गोष्ट उलट्या दिशेने चालली. इथे कला आधी होती आणि तक्ता मागाहून आला. वाचणारे संपत आल्यावर अक्षरांना क्रमांक मिळाले. त्यामुळे खरं काम युनिकोडच्या कचेरीत झालेलं नाही. ते गावात झालं. ज्या जाणत्यांना ही अक्षरं येत होती त्यांनी ती पोराबाळांकडून गिरवून घेतली. या मुलांना परीक्षेत त्याचे गुण नव्हते, नोकरीत उपयोग नव्हता आणि लिहिलेलं वाचणारं माणूस पुढच्या गावातही सापडायची खात्री नव्हती. तरी ती लिहीत राहिली. लिपीच्या हयातीत यापेक्षा मोठी घटना नाही. फॉन्ट नसता तरी पाटीवर हे झालंच असतं. पाटी नसती, तर फॉन्ट फक्त संग्रहालयाच्या कामाचा उरला असता.

मराठी वाचकाचाही इथे संबंध येतो. किनवट, राजुरा, जिवती या तालुक्यांत गोंडी बोलणारी घरं आहेत आणि सीमेपलीकडे नारनूर, जैनूर, उटनूर इथे मराठी बोलणारी आहेत. ज्याच्या शाळेत गोंड मुलं बसतात अशा शिक्षकाने फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘जोहार’ गुंजाला अक्षरांत लिहून ठेवावं. त्यासाठी परवानगी लागत नाही, फॉन्टही लागत नाही.

युनिकोडमध्ये गुंजाला गोंडीसाठी ८० जागा राखल्या आहेत. त्यांपैकी ६३ भरल्या आहेत : १० स्वर, ३० व्यंजनं, ९ मात्रा, १० अंक आणि अनुस्वार, विसर्ग, हलन्त, ओम ही चार चिन्हं. १७ जागा मोकळ्या आहेत. त्यांतल्या चार स्वरांच्या आणि मात्रांच्या रांगेत अधेमधे सोडलेल्या आहेत, जिथे ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ बसले असते तिथेच. पुढे कुणाला त्यांची गरज भासली तर अक्षर बसवायला जागा आहे.