वाऱ्याची जबानी

आयर्लंडमधील आर्मा येथील वेधशाळेचे प्रमुख टॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार अर्धगोल वाट्यांचे वायुवेगमापक सिद्ध केले, तेव्हापासून वाऱ्याने ढकलावे, वाट्यांनी गरगरावे आणि फेऱ्यांच्या हिशेबावरून माणसाने वेग ठरवावा अशी जी वहिवाट पडली, ती वाट्या चाराच्या तीन होण्यापलीकडे फारसा फरक न पडता शतकाहून अधिक काळ चालत आली. तिच्यातील उणिवा दर्यावर्द्यांना ठाऊक होत्या. मंद झुळुकीला वाट्या दाद देत नाहीत. झोताबरोबर त्या चटकन वेग घेतात, पण झोत ओसरल्यावर तितक्या चटकन तो सोडत नाहीत, सबब सरासरी फुगते. आणि एखादा धष्टपुष्ट समुद्रपक्षी डोलकाठीवर विश्रांतीस टेकला, तर सारे उपकरणच मोडून पडते.

अल्ट्रासॉनिक वायुमापकात हलणारा एकही भाग नसतो. समोरासमोर बसवलेल्या दोन स्पंदकांपैकी एक कानाला न कळणारा ध्वनिस्पंद सोडतो, दुसरा तो टिपतो, आणि लगेच तोच प्रवास उलट दिशेने मोजला जातो. वीस अंश सेल्सिअसच्या स्थिर हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. स्पंदकांतील अंतर १५ सेंटिमीटर असले आणि त्याच रेषेत सेकंदाला १० मीटरचा वारा वाहत असला, तर अनुकूल प्रवासास सुमारे ४२५ आणि प्रतिकूल प्रवासास सुमारे ४५० मायक्रोसेकंद लागतात. या एवढ्याशा तफावतीत सारी विद्या आहे. हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंशास सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात हे यंत्र खोटे बोलू लागेल अशी शंका कोणासही यावी. परंतु दोन्ही काळांचे व्यस्तांक घेऊन एकातून दुसरा वजा केला, की ध्वनीचा स्वतःचा वेग उभयपक्षी सारखाच असल्यामुळे छाटला जातो आणि बाकी उरतो तो निव्वळ वारा. त्याच व्यस्तांकांची बेरीज केली तर ध्वनीचा वेग, आणि त्यावरून हवेचे तापमान, फुकट पदरात पडते. नौकेवरील दुसऱ्या कोणत्याही उपकरणात मला इतकी काटकसरीची युक्ती आढळलेली नाही. काटकोनात दुसरी जोडी बसवली, की दिशाही ठरते.

स्पंदकांचे खांब स्वतःच वाऱ्याला आडोसा करतात, आणि त्याची वजावट वातबोगद्यातील चाचण्यांवरून आधीच गणितात दाखल करावी लागते. पावसाचा थेंब स्पंदकाच्या मुखावर टिकला, की स्पंदाची वाट अडते. नौकेवरील उपकरणांनी परस्परांस पाठवावयाच्या मजकुराचा एनएमईए नावाचा जो संकेत रूढ आहे, त्यात वाऱ्याची नोंद ग्राह्य की अग्राह्य हे कळवणारे एक अक्षर राखून ठेवले आहे. साक्षीदारानेच आपली जबानी बाद ठरवावी, अशी सोय मानवी कचेऱ्यांत विरळाच!

मात्र ग्राह्य ठरलेली जबानीसुद्धा भासमान वाऱ्याचीच असते. दहा नॉटच्या वाऱ्यात इंजिनावर सहा नॉटने जाणाऱ्या नौकेला तो समोरून आला तर सोळा आणि पाठीमागून आला तर चार नॉटचा भासतो. खरा वारा काढावयाचा, तर नौकेचा वेग आणि होकायंत्र यांचीही साक्ष काढणे प्राप्त होते. शिवाय डोलकाठी स्थिर कुठे असते? वीस मीटर उंचीची काठी दर चार सेकंदांस एक हेलकावा घेत दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश झुकत असेल, तर मधल्या क्षणी तिचे टोक सेकंदाला पाच मीटरांहून अधिक वेगाने धावते, आणि वारा मुळीच नसला तरी यंत्र हा वेग इमानाने वारा म्हणून नोंदवते. शिडांमुळे वर उचलला जाणारा प्रवाह दिशाही वाकवतो. म्हणून शर्यतीच्या नौकांवर मापक लांब दांड्यावर चढवतात, आणि तेथे अनेक जाणते अजून वाट्या-पात्यांवरच भरवसा ठेवतात.

एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर १९६८ सालच्या मूळ शर्यतीला शोभतील एवढीच साधने चालतात. इलेक्ट्रॉनिक वायुमापकाला तेथे मज्जाव आहे. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी २०१८ साली याच शर्यतीत उतरले होते. अशा नौकांच्या मागील बाजूस बसवलेले यांत्रिक पाते भासमान वाऱ्याशी कोन राखून नौकेची दिशा सांभाळते, आणि त्या कामासाठी त्याला खऱ्या वाऱ्याचा आकडा लागत नाही.