दूरचित्रवाणी संचाची विस्तारित हमी आणि बदली संचाचा प्रश्न : ग्राहक संरक्षणाच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश : दूरचित्रवाणी संच खरेदी करताना उत्पादकाच्या मूळ हमीला जोडून विस्तारित हमी विकण्याची पद्धत रूढ झाली आहे. संचात पुनःपुन्हा दोष उद्भवला असता बदली संच मिळेल, ही ग्राहकाची अपेक्षा मात्र अनेकदा अपुरी राहते. प्रस्तुत लेखात या हमीचे स्वरूप, तिच्यामागील अर्थकारण, बदलीच्या वेळी उद्भवणारे वाद आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील तरतुदी यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : विस्तारित हमी, सदोष वस्तू, बदली संच, सेवेतील उणीव, ग्राहक आयोग.

१. प्रस्तावना

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी संच ही मोजक्या घरांत आढळणारी वस्तू होती. पुढे ती घरोघरी पोहोचली. चित्रनलिकेच्या काळात संच बिघडला तर दुरुस्ती करणारा कारागीर घरी येई, पाठीमागचे झाकण उघडून निकामी भाग बदली आणि संच पुन्हा सुरू होई. सपाट पडद्याच्या संचांनी ही परिस्थिती पालटली. आजच्या संचात पॅनेल हा सर्वांत महाग भाग असतो. तो निकामी झाल्यास दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या किमतीजवळ जातो आणि दुरुस्तीपेक्षा बदलीचा विचार करणे भाग पडते. म्हणूनच हमीपत्रातील ‘बदली’ या शब्दाला ग्राहकाच्या दृष्टीने मोठे मोल आले आहे.

२. हमीची संकल्पना व प्रकार

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मध्ये ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांत भेद केला आहे. शर्त ही कराराच्या मुख्य हेतूशी निगडित असते. तिचा भंग झाल्यास खरेदीदाराला करार रद्द मानता येतो. हमी ही आनुषंगिक असते. तिच्या भंगामुळे नुकसानभरपाई मागता येते, परंतु माल नाकारण्याचा अधिकार मिळत नाही. बाजारात रूढ असलेला ‘वॉरंटी’ हा शब्द मात्र यापेक्षा व्यापक अर्थाने, म्हणजे ठरावीक मुदतीत दुरुस्ती वा बदली करून देण्याचे लेखी वचन, या अर्थाने वापरला जातो.

या वचनाचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला, उत्पादकाची मूळ हमी. तिची किंमत संचाच्या किमतीतच समाविष्ट असते. दुसरा, उत्पादकानेच जादा शुल्क घेऊन दिलेली मुदतवाढ. तिसरा, विक्रेत्याने किंवा त्रयस्थ कंपनीने विकलेली योजना. तिसऱ्या प्रकारात वस्तू बनवणारा एक, विकणारा दुसरा आणि हमी देणारा तिसरा असतो. वादाचे मूळ बहुधा येथेच असते. कारण दोषाचे उत्तरदायित्व एकाकडून दुसऱ्याकडे ढकलण्यास येथे भरपूर वाव मिळतो.

३. विस्तारित हमीमागील अर्थकारण

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले की, वस्तूच्या दर्जाविषयी विक्रेत्याला जे ठाऊक असते ते खरेदीदाराला ठाऊक नसेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. या असमतोलावरील उपायांपैकी एक म्हणून त्यांनी हमीचा उल्लेख केला. हमीमुळे जोखीम विक्रेत्याकडे जाते आणि आपल्या मालावर विश्वास असलेलाच उत्पादक ती पत्करतो, असा यामागील विचार आहे. त्रयस्थाच्या विस्तारित हमीला हे तर्कशास्त्र पूर्णतः लागू पडत नाही. ती देणाऱ्याने संच बनवलेला नसतो. त्यामुळे संचाच्या दर्जाविषयी ती काहीच सांगत नाही. स्वरूपाने ती विम्याच्या अधिक जवळ जाते.

विश्वसनीयता अभियांत्रिकीत उपकरणांच्या बिघाडाचे प्रमाण ‘बाथटब वक्रा’ने दर्शवितात. निर्मितीतील दोष प्रारंभीच्या काळात उघड होतात, मधल्या काळात बिघाडाचे प्रमाण कमी व स्थिर राहते आणि झीज झाल्यानंतर ते पुन्हा वाढते. प्रारंभीचे दोष मूळ हमीच्या मुदतीत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची विस्तारित हमी ही बव्हंशी वक्राच्या सपाट भागावर विकली जाते. समजा, योजनेचे शुल्क ४,००० रुपये आहे आणि त्या काळातील सरासरी दुरुस्तीखर्च १२,००० रुपये आहे. तर बिघाडाची शक्यता एक-तृतीयांशाहून अधिक असेल तरच हा व्यवहार ग्राहकाला सरासरीने परवडेल.

असे असूनही योजना विकल्या जातात, याचे एक कारण मानसशास्त्रात सापडते. डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मनुष्याला लाभाच्या आनंदापेक्षा तितक्याच हानीचे दुःख अधिक जाणवते. चाळीस हजारांची वस्तू विकत घेतल्याच्या क्षणीच तिच्या नाशाची भीती दाखवली, की आणखी चार हजार किरकोळ वाटू लागतात. याचा अर्थ प्रत्येक योजना निरुपयोगी असते असा नाही. अकस्मात मोठा खर्च ज्या कुटुंबाला झेपणार नाही, त्याने मनःशांतीसाठी शुल्क मोजणे समर्थनीय ठरते. परंतु मग ती मनःशांती प्रत्यक्षात मिळाली पाहिजे.

४. बदली संच : वचन आणि व्यवहार

बदलीच्या वेळी उद्भवणारे वाद मुख्यतः पाच प्रकारचे असतात.

(अ) दुरुस्तीची साखळी : बहुतेक करारांत प्रथम दुरुस्ती आणि ती अशक्य असल्यासच बदली, असा क्रम असतो. ‘अशक्य’ केव्हा मानायचे हे मात्र हमी देणाराच ठरवतो. एकच दोष तीन-चार वेळा उद्भवला तरी प्रत्येक वेळी नवी तक्रार नोंदवली जाते, सुट्या भागांची वाट पाहावी लागते आणि दरम्यान हमीची मुदत सरत राहते.

(आ) समतुल्य संच : मूळ प्रतिमानाचे उत्पादन बंद झाले असल्यास ‘समतुल्य’ संच देण्याची तरतूद असते. पडद्याचा आकार समान, पण चित्राची स्पष्टता वा जोडणीच्या सोयी कमी, असा संच पुढे केला जातो. काही योजनांत नूतनीकरण केलेला, म्हणजे पूर्वी वापरलेला संच देण्याची मुभाही राखून ठेवलेली असते.

(इ) घसारा : बदलीऐवजी रक्कम द्यावयाची झाल्यास तीतून घसारा वजा केला जातो. एक कल्पित उदाहरण घेऊ. ४०,००० रुपयांचा संच तिसाव्या महिन्यात निकामी झाला आणि करारानुसार पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी मूळ किमतीच्या २० टक्के घसारा धरला, तर ग्राहकाच्या हाती २४,००० रुपये येतील. त्याने हमीसह ४४,००० रुपये मोजलेले असतात. ही रक्कम त्याच दुकानातील खरेदीच्या कूपनाच्या रूपाने मिळाली, तर निवडीचे स्वातंत्र्यही उरत नाही.

(ई) मुदतीचा अंत : एकदा बदली संच दिला की योजना संपुष्टात आली, असे कलम अनेकदा असते. बदली संचही सदोष निघाला, तर ग्राहक पुन्हा पहिल्याच पायरीवर येतो; फरक इतकाच की या वेळी त्याच्या हाती हमी नसते.

(उ) वगळलेल्या बाबी : पडद्यावरील तडा, विद्युतदाबातील चढउतार, ओलावा, कीटक यांमुळे झालेला बिघाड सामान्यतः वगळला जातो. तंत्रज्ञाच्या अहवालातील ‘बाह्य आघात’ हे दोन शब्द दावा फेटाळण्यास पुरेसे होतात आणि त्यांना उत्तर देण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते.

५. कायद्याची भूमिका

ग्राहक चळवळीच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ हा त्यानंतरचा टप्पा होय. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० मध्ये अंमलात आला.

या अधिनियमानुसार वस्तूतील ‘दोष’ आणि ‘सेवेतील उणीव’ या दोन्ही तक्रारीच्या बाबी आहेत. शुल्क घेऊन दिलेली विस्तारित हमी ही सेवा असल्याने दुरुस्तीतील अकारण विलंब हा उणीव म्हणून मांडता येतो. जी हमी पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नाही अशी हमी देणे, ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कलम ८४ नुसार वस्तू व्यक्त हमीशी जुळत नसेल तर उत्पादक उत्तरदायी ठरतो. विक्रेत्याने स्वतंत्र हमी दिली असल्यास कलम ८६ त्यालाही उत्तरदायी धरते.

कलम ३९ नुसार आयोगाला दोष दूर करणे, त्याच वर्णनाची निर्दोष नवी वस्तू देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश देता येतात. येथे ‘नवी’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. शिवाय कलम १०० नुसार हा अधिनियम इतर कायद्यांना पूरक आहे. कलम २(४६) मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्या आहे. ग्राहकाच्या संमतीविना त्याच्या अहिताने करार दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा देणारी अट तीत मोडते. मात्र केवळ करार अन्यायकारक असल्याची तक्रार राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडेच करता येते.

६. तक्रारीची वाट

डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क आकारले जात नाही. दूरचित्रवाणी संचाची बहुतेक प्रकरणे या मर्यादेत बसतात. पावतीवर दूरच्या शहराचे न्यायक्षेत्र छापलेले असले तरी ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘बाह्य आघाता’चा वाद असल्यास कलम ३८ नुसार वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवता येते, म्हणजे कंपनीच्या तंत्रज्ञाचा शब्द हा अखेरचा शब्द नव्हे. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा उपयोग करता येतो.

तक्रारीचे यश पुराव्यावर अवलंबून असते. खरेदीची पावती, हमीच्या संपूर्ण अटी, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व दिनांक, तंत्रज्ञाने दिलेला सेवा अहवाल आणि दोष दिसत असतानाचे चित्रण जपून ठेवावे. दूरध्वनीवरील आश्वासनाची लेखी पुष्टी मागावी. उत्पादक, विक्रेता आणि हमी देणारी कंपनी या तिघांनाही प्रतिपक्ष केल्यास उत्तरदायित्व टोलवण्यास वाव राहत नाही. योजना घेण्यापूर्वी बदली नव्या संचाची की नूतनीकृत, घसारा किती आणि बदलीनंतर उर्वरित मुदत टिकते काय, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

७. निष्कर्ष

कायदा पुरेसा सक्षम आहे. उणीव आहे ती वेळेची. अधिनियमाने प्रयोगशाळेची गरज नसलेल्या प्रकरणांसाठी तीन महिन्यांचा आणि इतरांसाठी पाच महिन्यांचा कालावधी अपेक्षिला असला, तरी चाळीस हजारांच्या वस्तूसाठी तारखांना हजर राहणे नोकरदार वा रोजंदारीवरील ग्राहकाला परवडत नाही. हा थकवा हमी देणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. म्हणून विस्तारित हमीच्या करारांत काही किमान अटी नियमानेच निश्चित होणे इष्ट आहे : एकच दोष ठरावीक वेळा उद्भवल्यास बदली अनिवार्य असावी, संच दुरुस्तीत असलेले दिवस मुदतीत मिळवले जावेत आणि बदली संचाला स्वतंत्र हमी असावी. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळाने दुरुस्तीविषयीची माहिती ग्राहकापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. त्याच दिशेने बदलीच्या हक्काचाही विचार व्हावयास हवा. ग्राहकाने मोजलेले शुल्क हे वचनाचे मूल्य असते. ते वचन पाळले जाते की नाही, हे त्याच्या चिकाटीवर अवलंबून राहू नये.