‘काळा घोडा’चे नऊ दिवस आणि त्यानंतरचे प्रश्न

मुंबईच्या सांस्कृतिक दिनदर्शिकेत गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांच्या जोडीला गेल्या पाव शतकात आणखी एका उत्सवाने आपले स्थान पक्के केले आहे. हिवाळा सरता सरता दक्षिण मुंबईत भरणारा ‘काळा घोडा कला महोत्सव’ हा तो उत्सव. जहांगीर कलादालनासमोरचा रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि नऊ दिवस तिथे चित्र, शिल्प, मांडणशिल्प, नाटक, नृत्य, संगीत, साहित्य, चित्रपट असा मेळा भरतो. त्यासाठी तिकीट लागत नाही. लाखोंच्या गर्दीचा हा मेळा उभा राहतो कसा आणि तो उठल्यावर शहराच्या हाती काय उरते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नावातला घोडा

या परिसराला नाव मिळाले ते एका पुतळ्यामुळे. इंग्लंडचे युवराज, म्हणजेच पुढे सातवे एडवर्ड झालेले राजे, यांचा काळसर रंगाचा अश्वारूढ पुतळा उद्योगपती अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून १८७९ मध्ये येथे उभारण्यात आला. १९६५ मध्ये तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. घोडा गेला तरी नाव लोकांच्या तोंडी राहिले. २०१७ मध्ये स्वाराविना असलेला नवा घोडा येथे उभा राहिला. राजा वगळून घोडा तेवढा परत आणण्याची ही कृती बोलकी आहे.

या परिसराची कलेशी जवळीक जुनी आहे. मुंबई विद्यापीठ, वस्तुसंग्रहालय आणि डेव्हिड ससून ग्रंथालय हाकेच्या अंतरावर. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाले, तर १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आले. त्याही आधी, १९४९ मध्ये, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ गटाचे प्रदर्शन याच रॅम्पार्ट रोवर भरले होते. त्यातल्या हुसेन यांच्या ‘ग्राम यात्रा’ या चित्राला मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३८ लाख डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये, मिळाले. आपल्याकडे कलेची बातमी होते ती बहुधा अशा आकड्यांमुळे.

जत्रा, बाजार आणि द्वैवार्षिकी

समकालीन कलेचे मेळे साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिला कलाबाजार. दिल्लीत २००८ पासून आणि मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ पासून असे मेळे भरू लागले. कलादालने तिथे जागा भाड्याने घेतात, कलाकृती विकतात. संग्राहक हा तिथला मुख्य पाहुणा. दुसरा प्रकार द्वैवार्षिकीचा. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू यांनी २०१२ मध्ये कोचीत सुरू केलेले प्रदर्शन हे त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. तिथे विक्रीपेक्षा विचाराला आणि निवडीला महत्त्व. तिसरा प्रकार रस्त्यावरच्या महोत्सवाचा. ‘काळा घोडा’ या तिसऱ्या प्रकारात मोडतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने १९९९ मध्ये तो सुरू केला, तो या परिसराचा वारसा जपण्याच्या उद्देशाने. महोत्सव हे साधन होते, साध्य होते ते हा परिसर. आजच्या गर्दीत नेमका हाच संदर्भ हरवतो.

पडद्यामागे

असा महोत्सव नऊ दिवसांचा दिसला तरी त्याचे काम अनेक महिने आधी सुरू होते. प्रथम विषयसूत्र ठरते, मग कलावंतांकडून प्रस्ताव मागवले जातात. प्रत्येक विभागाचे संयोजक त्यातून निवड करतात. निवडीचा निकष केवळ सौंदर्याचा नसतो. भर रस्त्यात उभी राहणारी कलाकृती वारा, धूळ, ऊन सोसेल का, शंभर मुलांनी हात लावला तरी टिकेल का, कोणाच्या अंगावर कोसळणार नाही ना, हे पाहावे लागते. दालनात शोभणारे नाजूक काम येथे दुसऱ्या दिवशीच मोडकळीस येऊ शकते.

त्यानंतर परवानग्या. महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल यांचे उंबरठे झिजवल्याशिवाय रस्त्यावर एक खांबही रोवता येत नाही. त्यात हा परिसर वारसा श्रेणीतला. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या वास्तूंच्या समूहात तो येतो. इमारतीला खिळा ठोकणे दूरच, दोर बांधतानाही विचार करावा लागतो. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार न्यायालये, रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. येथे तर विद्यापीठ आणि न्यायालये दोन्ही जवळ. साहजिकच संगीताचा मंच कुठे उभारायचा, हा प्रश्न कलेचा कमी आणि कायद्याचा अधिक ठरतो.

प्रवेश विनामूल्य, म्हणून खर्चाचा भार प्रायोजकांवर. प्रायोजक आला की त्याचा फलक आला. कलाकृती कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, ही सीमारेषा सांभाळणे हे संयोजकांचे सर्वांत नाजूक काम होय.

गर्दी म्हणजे दाद नव्हे

महोत्सवावर नेहमी होणारी टीका अशी की, येथे लोक कला पाहायला येत नाहीत, छायाचित्रे काढायला येतात. टीकेत तथ्य आहे; पण ती अर्धीच खरी आहे. ज्याने आयुष्यात कलादालनाचा दरवाजा ओलांडलेला नाही, त्याच्यासाठी रस्ता हेच पहिले दालन असते. उपनगरातून लोकल पकडून मुलाबाळांसह आलेले कुटुंब एखाद्या मांडणशिल्पासमोर थबकते आणि ‘हे काय आहे?’ असे विचारते, तेव्हा काहीतरी घडलेले असते. दोष त्या प्रश्नाला उत्तर न मिळण्यात आहे. कलाकृतीशेजारची माहिती बहुधा इंग्रजीत आणि तीही जडजंबाल. ज्या शहराच्या रस्त्यावर ही कला उभी राहते, त्या शहराच्या भाषेत चार साध्या ओळी लिहिणे फारसे खर्चाचे नाही. मराठी प्रेक्षक समकालीन कलेपासून दूर का, या जुन्या चर्चेचे एक उत्तर त्या फलकावर आहे.

दहाव्या दिवशीचा हिशेब

खरी कसोटी दहाव्या दिवशी लागते. रस्ता वाहनांना परत मिळतो, सांगाडे ट्रकवर चढतात. त्या वेळी विचारण्याजोगे प्रश्न तीन. कलावंताला साहित्याच्या खर्चाखेरीज श्रमाचे मानधन मिळाले का? केवळ ‘व्यासपीठ मिळाले’ यावर तरुण कलावंताचे घर चालत नाही. मोडलेल्या कलाकृतींचे लाकूड, लोखंड, प्लास्टिक कुठे गेले? आणि नऊ दिवस आलेल्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यात बाजूच्याच जहांगीरमध्ये किंवा आधुनिक कला संग्रहालयात पाऊल टाकतात?

या परिसराने अलीकडे बरेच गमावलेही आहे. जहांगीरमधले ‘समोवार’ उपाहारगृह २०१५ मध्ये, तर समोरचे ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. चित्रकार, कवी, रसिक यांना वर्षभर एकत्र आणणाऱ्या अशा जागा संपत असताना नऊ दिवसांचा उत्सव त्यांची भरपाई करू शकत नाही. तो फक्त दार दाखवू शकतो. जहांगीरचे दालन वर्षभर उघडे असते आणि तिथेही तिकीट लागत नाही. महोत्सवातल्या गर्दीचा शंभरावा हिस्सा जरी एरवीच्या साध्या मंगळवारी तिथे फिरकला, तरी संयोजकांचे श्रम कारणी लागले असे म्हणता येईल.