वडिलांचा रविवार

कष्टकरी वडिलांच्या निधनानंतर मुले त्यांच्याविषयी बोलू लागतात, तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्या गिरणीत वा कचेरीत त्या गृहस्थाने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली, तिच्याविषयी मुलांना फारसे ठाऊक नसते. खाते कोणते, पाळी कोणती, पगार किती, एवढ्यावर ती माहिती संपते. कर्नाळ्याच्या रानात वडिलांनी कोणता पक्षी दाखवला, मळवलीला उतरून लोहगड चढताना काय सांगितले, पहिल्या पावसात गावच्या शेतात कसे उतरवले, हे मात्र मुले तपशीलवार सांगतात. वर्षातले तीनशे दिवस विस्मरणात जातात आणि उरलेल्या पन्नास-साठ दिवसांतच वडील सापडतात. हे दिवस त्या माणसाला मिळाले कोठून, हा प्रश्न केवळ भावनेचा नव्हे; तो अर्थकारणाचा आणि इतिहासाचाही आहे.

रविवारची सुट्टी कोणी आपण होऊन दिलेली नाही. मुंबईतील गिरण्यांत प्रारंभी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्यांचा अर्ज केला. त्यातील पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी मिळावी अशी ती होती. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, हीही एक मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे तो केवळ साहेबाचा सुट्टीचा दिवस होता असे नव्हे. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप आले.

पुढची वाटचालही मंदच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचीही मर्यादा उरली नाही. दिवसाचे काम चौदा-चौदा तासांवर गेले. १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ आणि १९४८ च्या कायद्याने ४८ अशी मर्यादा उतरत गेली. याच १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ज्यांना आपण निसर्गाचे वेड म्हणतो, त्यालाही अशी कलमे लागतात. रानाची ओढ सर्वांनाच असते. रानात जाण्यापुरता वेळ मात्र कायद्याने आणि संघटनेने मिळवावा लागतो.

हा वेळ प्रत्येकाने आपापल्या परीने खर्च केला. पुण्याच्या कारकुनाने पहाटे सिंहगड गाठला, मुंबईच्या शिक्षकाने मुलांना कान्हेरी दाखवली. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला ‘निसर्ग’ हा शब्द कदाचित परकाच वाटला असता. त्याच्या लेखी ते गाव होते. साचेखात्यात कापसाची धूळ आणि यंत्रांचा कल्लोळ सोसणारा हा माणूस मे महिन्यात कोकणात वा घाटावर जाई आणि पेरणीच्या सुमारास परते. मालक याला गैरहजेरी म्हणत. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने मात्र कामगाराचा गावाशी असलेला हा धागा ही एक जमेची बाजू मानली आणि तो टिकवावा असे सुचवले.

या हिशेबात दोन माणसे वगळली गेली, हेही मान्य केले पाहिजे. बदली कामगाराला दररोज सकाळी फाटकाशी उभे राहावे लागे. त्याचे खाडे भरपूर होत, पण भरपगारी रजेसाठी लागणारे दिवस भरत नसत. सुट्टी आणि बेकारी यांतला फरक तो नेमका जाणून होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो कायम कामगारांनाही तो कळला. दुसरी व्यक्ती म्हणजे आई. वडिलांच्या सहलीचा डबा ती पहाटे उठून बांधत असे. तिचा रविवार कोणत्याही कायद्यात नव्हता.

हा इतिहास आठवण्याचे कारण ताजे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास आणि तिमाही जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. बारा तासांचे चार दिवस भरून तीन दिवस मोकळे मिळाले, तर कित्येकांना ते हवेच असतील. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय संहितेने भरपगारी रजेसाठीची अट २४० दिवसांवरून १८० वर आणली, हेही स्वागतार्हच आहे. परंतु ज्याचे घर पगारात भागत नाही, त्याची संमती कितपत स्वेच्छेची असते? बारा तास काम आणि तीन तास प्रवास झाल्यावर उरलेला दिवस डोंगराचा होत नाही, झोपेचा होतो. मोबाइलवरील मागणीनुसार घरोघरी माल पोहोचवणाऱ्या तरुणाला तर फेरी नाही तर पैसाही नाही. त्याची स्थिती बदली कामगाराहून फारशी वेगळी नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजदादीत कारखान्यातला जादा तास जमेस धरला जातो. मुलाला पक्ष्याचे नाव सांगण्यात गेलेला तास धरला जात नाही. मोजमापाच्या या उणिवेला धोरणाचे रूप येऊ देता कामा नये. कामाचे तास ठरवताना उत्पादनाबरोबरच आणखी एका गोष्टीचा हिशेब मांडला गेला पाहिजे. आज बारा तास राबणाऱ्या माणसाची मुले तीस वर्षांनी त्याच्याविषयी बोलू लागतील, तेव्हा खाते, पाळी आणि पगार यांपलीकडे त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही उरावे.