चार्जर माझा, गिऱ्हाईक तुझं

रुपयाची वाट : भाग 11

गेल्या आठवड्यात आपण बॅटरीचं गणित मांडलं. इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा किती मोठा असतो आणि ती स्वस्त झाली की सगळ्या हिशेबाचा नूर कसा पालटतो, ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न : ही बॅटरी भरायची कुठे, आणि भरून देणाऱ्याच्या खिशात काय पडतं?

डिसेंबर 2023 मध्ये हिरो मोटोकॉर्प आणि एथर एनर्जी यांनी एक करार जाहीर केला. हिरोची ‘विडा’ आणि एथरच्या स्कूटर बाजारात एकमेकींचं गिऱ्हाईक ओढणाऱ्या. तरीही ठरलं असं, की विडावाल्याने एथरच्या चार्जरवर गाडी लावावी आणि एथरवाल्याने विडाच्या. शंभर शहरांतले 1,900 हून जास्त फास्ट चार्जिंग पॉइंट एका घोषणेसरशी दोघांच्या गिऱ्हाइकांना खुले झाले.

हे देऊळघाटात बसून का वाचायचं? बुलढाण्याहून धाडकडे निघालं की पैनगंगेकाठी हे गाव लागतं. तिथून पुढे छत्रपती संभाजीनगर दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर, आणि संभाजीनगरजवळच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्रात एथरने कारखाना काढायचं जून 2024 मध्ये नक्की झालं. गुंतवणूक 2,000 कोटी रुपयांची आणि पूर्ण क्षमतेला वर्षाकाठी दहा लाख गाड्या, असा तो आराखडा. एप्रिल 2025 मध्ये एथरचा आयपीओ आला, तेव्हा उभ्या राहणाऱ्या पैशांतले सुमारे 927 कोटी महाराष्ट्रातल्या याच कारखान्यासाठी राखले होते. ‘आपल्याकडेच कारखाना येतोय’ म्हणून अर्ज भरणारे आपल्या भागात कमी नसावेत. पण कारखाना जवळ असणं हे शेअर घेण्याचं कारण होत नाही. कंपनी कमाई कशातून करते आणि ती कमाई किती काळ टिकेल, हे पाहावं लागतं. चार्जरची भागीदारी त्या कमाईला कुठे हात लावते, ते आज बघू.

यंत्र उभं राहिलं की पैसा बसला

सोयाबीनच्या हंगामात ज्याच्या दारात मळणीचा हडंबा आहे, त्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. स्वतःचीच पाच एकर काढून त्याने हडंबा झाकून ठेवला, तर हप्ता अंगावर येतो. गावभर फिरवला, ज्याच्याशी बांधावरून वाद आहे त्याचंही सोयाबीन काढलं, तरच यंत्र स्वतःचे पैसे फेडतं. चार्जरचं तसंच आहे. त्याचा बहुतेक खर्च उभारणीतच होऊन जातो. नंतर तो किती तास चालला, एवढाच प्रश्न उरतो.

आकडे धरून पाहू. समजा, रस्त्याकडेला 60 किलोवॉटचा चार्जर बसवला. तो चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला 1,440 युनिट देईल. तसा कुठलाच चार्जर चालत नाही. दिवसाला दोन मोटारी आल्या आणि प्रत्येकीने 25 युनिट घेतले, तर 50 युनिट विकले गेले. म्हणजे क्षमतेच्या साडेतीन टक्के. विजेचं बिल वजा जाता युनिटमागे सहा रुपये सुटतात असं धरलं, तर दिवसाचे 300 आणि महिन्याचे 9,000 रुपये. यंत्र, केबल, ट्रान्सफॉर्मर मिळून बारा लाख घातले असतील आणि व्याज दहा टक्के असेल, तर महिन्याचं व्याजच 10,000. म्हणजे मुद्दल राहिलं बाजूला, व्याजही निघालं नाही. त्यात मंजूर भारावरचा स्थिर आकार गाडी येवो न येवो भरावाच लागतो.

आता दोनाच्या जागी सहा मोटारी आल्या असं धरा. यंत्र तेच, जागा तीच. पण महिन्याला 27,000 रुपये. या चार जादा मोटारी आपल्याच कंपनीच्या असायला हव्यात असा हट्ट धरला, तर त्या कदाचित पाच वर्षांनी येतील. दुसऱ्यांच्या गाड्यांना दार उघडलं, तर पुढच्या वर्षीही येऊ शकतील. प्रतिस्पर्धी एकत्र येतात ते या हिशेबापोटी.

प्लगचं भांडण कुणाचं?

आपल्याकडे मोटारी आणि स्कूटर यांची गोष्ट वेगवेगळी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या इलेक्ट्रिक मोटारींना फास्ट चार्जिंगसाठी ‘सीसीएस-2’ हा एकच प्लग बसतो. जुलै 2025 मध्ये मुंबईत दुकान उघडलेल्या टेस्लालाही इथे तोच द्यावा लागला. त्यामुळे मोटारवाल्यांचा वाद प्लगचा नाही, तो अ‍ॅपचा आहे. चार्जर समोर दिसतो, प्लग बसतो; पण त्या कंपनीचं अ‍ॅप नाही, वॉलेटमध्ये पैसे नाहीत, म्हणून गाडी भरत नाही. फोनमध्ये पाच-सहा अ‍ॅप बाळगणारे मोटारमालक याच कारणाने वैतागलेले असतात.

स्कूटरच्या बाबतीत मात्र प्लगच निराळे. प्रत्येक कंपनीने आपापला घाट घातला. एथरने 2021 मध्ये आपल्या प्लगचा आराखडा इतरांना खुला केला. पुढे 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्यावर आधारित मानक मंजूर केलं. साधी आणि फास्ट अशा दोन्ही चार्जिंगला एकच प्लग चालावा, हलक्या वाहनांसाठी खास भारतात घडलेलं असं हे मानक. हिरोने तोच प्लग घेतला म्हणून डिसेंबरचा करार शक्य झाला.

आपला प्लग देशाचं मानक ठरला, तर कंपनीला त्यातून थेट पैसा मिळेलच असं नाही. पण दुसऱ्याने उभारलेला प्रत्येक नवा चार्जर आपसूक तिच्या गिऱ्हाइकाच्या कामी येतो, आणि तोही तिचा एक रुपया न लागता. ताळेबंदात ही गोष्ट वेगळ्या ओळीवर दिसत नाही. गाड्यांच्या खपात मात्र तिची सावली पडते.

टेस्लाचा धडा

जगात या भागीदारीचा सर्वात गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. टेस्लाने नोव्हेंबर 2022 मध्ये आपला प्लग खुला केला. 25 मे 2023 रोजी फोर्डचे जिम फार्ली आणि टेस्लाचे इलॉन मस्क यांनी मिळून जाहीर केलं, की फोर्डच्या गाड्यांना टेस्लाचे 12 हजारांवर चार्जर वापरता येतील. पंधरवड्यात जनरल मोटर्स आली, त्याच महिन्यात रिव्हियन आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्या.

शेअर बाजाराने तेव्हा काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत टेस्लाचा शेअर सलग तेरा सत्रं चढला. चार्जपॉइंट, ईव्हीगो, ब्लिंक या निव्वळ चार्जिंगचा धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर मात्र जनरल मोटर्सच्या घोषणेनंतर धाडकन आपटले. बातमी एकच, पण गाडी विकणाऱ्याला ती फळली आणि फक्त वीज विकणाऱ्याला भोवली. बाजाराच्या लेखी हा हिशेब सरळ होता : सगळ्यांच्या गाड्या टेस्लाच्या दारात जाणार, तर बाकीच्यांकडे कोण येणार?

पण गोष्ट तिथे संपत नाही. एप्रिल 2024 च्या शेवटी टेस्लाने आपल्या चार्जिंग विभागातल्या सुमारे 500 लोकांना एका फटक्यात घरी पाठवलं. थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींना परत बोलवावंही लागलं. ज्या विभागामुळे आदल्या वर्षी शेअरची वाहवा झाली, तोच मालकाला खर्चाचा वाटू लागला. घोषणेच्या दिवशीचा भाव आणि धंद्याचा पाया यांत किती अंतर असू शकतं, ते इथे दिसतं.

आपल्याकडची वाटणी

भारतात टाटाने फेब्रुवारी 2025 मध्ये देशातले चार्जिंग पॉइंट 2027 पर्यंत चार लाखांवर नेण्याची योजना मांडली, ती टाटा पॉवर, चार्जझोन, स्टॅटिक, झिऑन अशा चार्जर चालवणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन. त्यातले ‘मेगा चार्जर’ कोणत्याही कंपनीच्या गाडीला खुले. पण टाटाच्या गाडीला आधी पाळी आणि दरात 25 टक्क्यांपर्यंत सूट. एमजीने 2024 मध्ये एकाच अ‍ॅपमध्ये अनेक कंपन्यांचे चार्जर आणले. महिंद्राने 2025 मध्ये 180 किलोवॉटच्या चार्जरचं स्वतःचं जाळं जाहीर केलं, तेही सगळ्यांना खुलं ठेवून.

म्हणजे दार सर्वांना उघडं, पण आतली बसण्याची जागा ज्याची त्याला. भागीदारीची बातमी वाचताना ही बारीक अक्षरं सोडू नयेत. दर वेगळा आहे का? पाळी कुणाची आधी? अ‍ॅप कुणाचं, म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती कुणाकडे राहते? खरी कमाई पुष्कळदा यात दडलेली असते.

हिरो आणि एथरच्या करारात आणखी एक गोष्ट आहे. हिरोने 2016 पासून एथरमध्ये पैसा घातलेला, आणि आयपीओच्या वेळी ती एथरची सर्वात मोठी भागधारक होती. विडावाला एथरच्या चार्जरवर गेला, तर हिरोचं गिऱ्हाईकही सांभाळलं जातं आणि हिरोने एथरमध्ये घातलेल्या पैशालाही आधार मिळतो. दोन परक्यांचा करार आणि एकाच घरातल्या दोघांचा करार यांत फरक असतो. म्हणून भागीदारीची बातमी आली की भागधारकांची यादी उघडून बघावी.

आणि चार्जरमुळेच शेअर चढतो, असंही समजू नये. एथरचा शेअर 321 रुपयांना विकला गेला, 6 मे 2025 रोजी बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी त्या भावाखाली बंद झाला. सहा महिन्यांच्या आत तो दुपटीच्या वर गेला. त्यात रिझ्टा या घरगुती वापराच्या स्कूटरच्या खपाचा हात मोठा. कंपनी तेव्हाही तोट्यातच होती : 2024-25 मध्ये सुमारे 2,255 कोटींचं उत्पन्न आणि 812 कोटींचा तोटा. सॉफ्टवेअर, सुटे भाग, सर्व्हिस, चार्जिंग अशा गाडीखेरीजच्या गोष्टींतून येणारा वाटा एकूण उत्पन्नाच्या साधारण 12 टक्के. पण गाडीपेक्षा त्यात नफ्याचं प्रमाण अधिक. चार्जिंग त्यातला एक तुकडा आहे. तो तुकडा वाढतोय का, हे तिमाहीच्या निकालात शोधावं.

ओट्यावरचा सॉकेट आणि रस्त्यावरचा चार्जर

आता गावात या. देऊळघाटात ज्याच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे, तो ती भरतो ओट्यावर. खिडकीतून वायर बाहेर, साधा सॉकेट, पायरीवर ठेवलेला चार्जर, पोरांचा पाय लागू नये म्हणून वर पालथी घातलेली टोपली. गावठाण फीडरवरची वीज संध्याकाळी गेली तर रात्री जेवणं उरकल्यावर प्लग लावायचा. पूर्ण बॅटरीला जेमतेम चार-साडेचार युनिट. या माणसाला रस्त्यावरचा चार्जर क्वचितच लागतो.

म्हणून रस्त्याकडेला जागा असलेल्या आणि ‘चार्जर बसवू का?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाने आधी ध्यानात घ्यावं, की त्याचं गिऱ्हाईक गावातलं नाही, ते वाटेवरचं आहे. चार्जर चालवायला परवाना लागत नाही. वीज मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे. पण परवाना नको याचा दुसरा अर्थ असा, की शेजारच्यालाही तो नकोच.

राज्याने एप्रिल 2025 मध्ये मंजूर केलेल्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय धरलेली आहे, आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी. तो रस्ता आपल्याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो. लांब पल्ल्याची गाडी टोल वाचवायला तिकडे वळली, तर धाड रस्त्यावरच्या चार्जरला तिचा उपयोग नाही. इथे चालेल ती बुलढाणा ते अजिंठ्याकडची ये-जा, आणि वर केलेल्या हिशेबातल्या सहा मोटारी त्यातून निघतात का, ते रस्त्यावर उभं राहून मोजावं लागेल. डिसेंबर 2024 अखेर देशात 25,202 सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती, त्यांतली 3,728 महाराष्ट्रात. हा आकडा वाढणार हे नक्की. मात्र स्टेशनं गाड्यांपेक्षा वेगाने वाढली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या मोटारी कमीच होतील.

जागामालकाला चार्जर कंपनी दोन पर्याय देते : ठरलेलं भाडं, किंवा युनिटमागे वाटा. वाहतूक कमी असेल तर भाडं घ्यावं आणि गाडी न येण्याची जोखीम कंपनीवर सोडावी. वाटाच घ्यायचा झाला, तर करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : चार्जर सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना खुला असेल, स्थिर आकार कोण भरणार, आणि यंत्र बंद पडलं तर किती दिवसांत दुरुस्त होणार. पहिली अट सर्वात महत्त्वाची. एकाच कंपनीच्या गाड्यांना चालणारा चार्जर दारात बसवणं, म्हणजे जागा आपली आणि कुलूप दुसऱ्याचं.

शेअर घेणाऱ्यासाठी यातून निघणारं सूत्र तेच आहे. ‘अमुक कंपनीने इतके हजार चार्जर बसवले’ ही बातमी खर्चाची आहे, कमाईची नाही. त्यातला एक चार्जर दिवसाला सरासरी किती युनिट देतो, हा आकडा जी कंपनी मोकळेपणाने सांगते, तिचं पुढचं वाचावं. जी सांगत नाही, तिला वार्षिक सभेत विचारावं; एक शेअर असला तरी तो हक्क आहे.

हे लिखाण कुठल्या शेअरची शिफारस नाही. पुढच्या आठवड्यात : आयपीओच्या जाडजूड पुस्तकातली कुठली वीस पानं आधी वाचायची, आणि ‘जोखमी’ या प्रकरणात कंपन्या खरं किती बोलतात.