मरळ वर येते तेव्हा

पावसाळा सरताना, पावसाने साथ दिली असेल तर, सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण काठोकाठ भरलेलं असेल आणि महानला काटेपूर्णेच्या पाण्यात काठावरची झुडपं गळ्यापर्यंत बुडाली असतील. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने हे दिवस कठीण. पाणी चहूकडे, खाणं चहूकडे, त्यामुळे मासाही कुठेही. वऱ्हाडात गळाचा खरा मोसम होळीनंतर लागतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला संपतो. निदान संपायला हवा. मधल्या तीन महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, अकोल्याचं नाव तापलेल्या शहरांच्या बातमीत रोज येतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही माणसं पहाटे चारला उठून सायकलला काठी बांधून तळ्याकडे निघतात.

अमेरिकेत उन्हाळा आणि गोडं पाणी म्हटलं की बास हा मासा. त्याच्यासाठी तिथे खास होड्या बनतात, स्पर्धा भरतात, बक्षिसं लागतात. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जड बास धरला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ उजाडावं लागलं, आणि तीही झाली जपानच्या बिवा सरोवरात. आपल्या तळ्यांत बास नाही. आपल्याकडे आहे ती मरळ. मला विचाराल तर या सौद्यात तोटा त्यांचाच आहे.

आधी पाण्याचं बघू. अमरावती जिल्ह्याची एक गंमत नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. मोर्शी-वरूडकडचं पाणी वर्धेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं, तर अचलपूर-दर्यापूरकडचं पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्रात. अप्पर वर्धा १९९३ साली पूर्ण झालं. तेरा दरवाज्यांचं हे धरण अमरावती आणि बडनेऱ्याची तहान भागवतं. अकोल्याची तहान भागवणारं काटेपूर्णा मात्र पूर्णेच्या खोऱ्यातलं. त्याचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर. तेल्हारा तालुक्यातलं वारी भैरवगडचं वान धरण, चांदूर बाजारकडचं पूर्णा, अचलपूरकडचे सापन आणि चंद्रभागा, पातूरकडचे मोर्णा आणि निर्गुणा, असे प्रकल्प दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. याशिवाय गावोगावचे पाझर तलाव. मरळीच्या शोधात असणाऱ्याने मोठ्या धरणापेक्षा या पाझर तलावांकडेच वळावं.

मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटरहून जास्त थर वाफ होऊन उडतो. गावाची आणि शेताची ओढ वेगळीच. तळं आक्रसत जातं तसा मासा उरलेल्या पाण्यात गोळा होतो, आणि नवख्याला वाटतं की आता काय, गळ टाकला की लागला. तसं होत नाही, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. उलट माशाचं शरीर तापलं की त्याची गरज वाढते. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून सूर्योदयाच्या आधीची घटका माशासाठी सगळ्यात वाईट. तळ्यातले मासे रात्रीतून मेले आणि लोकांनी कुणीतरी विष कालवल्याची शंका घेतली, असं वऱ्हाडात दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे घडतं. कधी ती शंका खरी असते. बरेचदा पहाटे श्वास कोंडलेला असतो, इतकंच.

रोहू, कटला, मृगळ हे तिघे अशा वेळी अन्नाला तोंड लावत नाहीत. सूर्य वर येऊन तासभर झाला, वाऱ्याने पाणी थोडं हललं, की ते काठाकडे फिरकतात. त्यांच्यासाठी जुनी माणसं कणकेत शेंगदाण्याची ढेप कुटून गोळी करतात आणि धांड्याच्या तुकड्याचं तरंगणं बांधून बसतात. तरंगणं आधी थरथरतं, मग तिरकं होऊन सरकतं. थरथरताना ओढणाऱ्याच्या हाती रिकामा गळ येतो.

हे तिघे मुळात इथले नव्हेत. त्यांचं घर गंगेच्या खोऱ्यात. दख्खनच्या नद्यांत ते माणसाने आणून सोडले. साचलेल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे एके काळी नदीतून बीज गोळा करून लांबलांब न्यावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं, आणि देशभरच्या तलावांचं अर्थकारण बदललं. आज धरणात सोडली जाणारी बोटुकली त्या प्रयोगाची देणगी आहे. १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

बोटुकली विकत आणून सोडायची म्हणजे पाण्याला मालक आला. शासन जलाशय ठेक्याने देतं, भोई आणि इतर मासेमार समाजांच्या सहकारी संस्था तो घेतात, आणि मग थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून तंगुसाची जाळी लावली जातात. धरणात मासा वाढवायला पैसा लागलेला असतो, हे शहरातून गाडी घेऊन आलेल्या हौशी गळवाल्याच्या ध्यानात येत नाही. ‘एवढं मोठं धरण, एका माशाने काय फरक पडतो’ हे त्याचं वाक्य ठरलेलं. संस्थेच्या माणसाला विचारून बसावं, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. काटेपूर्णेला तर आणखी जपावं लागतं, कारण तिथे १९८८ पासून अभयारण्य आहे आणि त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काठी उघडताच येत नाही.

उन्हाळा भोयांसाठी नुसता मासळीचा मोसम कधीच नव्हता. पाणी ओसरलं की वाळूत डांगरवाडी लागायची, गावतळ्यात पावसाळ्यात लावलेल्या शिंगाड्याचा पैसा तोवर संपलेला असायचा, आणि मग जाळं. वाळू उपसली गेली तशा नद्यांतल्या डांगरवाड्याही गेल्या. आता एप्रिलात डांगर ट्रकने येतं.

आता मरळीकडे.

मरळ कुणी विकत आणून सोडत नाही. ती असतेच. तिचं डोकं सापासारखं चपटं, अंग लांब, पाठ काळपट. काठावर बेशरमाची दाटी, तळाला चिखल, पाण्यावर थोडं गवत, की तिचं घर झालं. बेशरमाला शेतकरी शिव्या घालतो. मरळीच्या शोधातला माणूस मात्र तळ्यावर पोचताच आधी तेच हुडकतो. तिच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ती बाहेरची हवा भरून घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. पाण्यावर येऊच दिलं नाही तर मोठी मरळ पाण्यात राहून गुदमरून मरते. म्हणजे रोहू-कटल्याला ज्या पहाटे श्वास पुरत नाही, त्याच पहाटे मरळ मजेत असते. तळं डबक्याइतकं उरलं तरी ती टिकते, चिखलात रुतून राहते, ओल असेल तर एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटतही जाते. उन्हाळ्यातल्या वऱ्हाडी तळ्याची मालकी शेवटी तिच्याकडे येते ती याच बळावर.

आणि याच श्वासापायी ती सापडते. दर काही मिनिटांनी तिला वर यावंच लागतं. ‘डुबुक’ असा बारीक आवाज होतो, एक वर्तुळ उठतं, दोनचार बुडबुडे राहतात. मरळीचा गळ हा कानाचा खेळ आहे. वर्तुळ दिसताच तिथेच गळ फेकणारे फसतात, कारण हवा घेऊन ती लगेच खाली जाते आणि डोक्यावर काही आदळलं तर दूर निघून जाते. अनुभवी माणूस दोनतीन वेळा ती कुठे-कुठे वर येते ते बघतो, तिचा रस्ता ओळखतो, आणि त्या रस्त्याच्या चार हात पुढे, गवताच्या कडेला गळ टाकून हळूहळू ओढत आणतो. गळाला जिवंत झिंगा किंवा छोटी मासोळी लावतात. पूर्वी बेडूक लावत. आता बाजारात रबरी बेडूक मिळतो, त्याच्या पाठीत गळ दडवलेला असतो, त्यामुळे तो बेशरमात अडकत नाही. हा रबरी बेडूक मुळात बासवाल्यांसाठी निघाला. तो मरळीला इतका चालतो यात नवल नाही: दोघांच्या सवयी सारख्या आहेत. दोघेही आडोशाला दबा धरतात, पाठलाग करत नाहीत, एकाच झेपेत घास घेतात, आणि उन्हाळ्यात पहाटे व तिन्हीसांजेला वरच्या पाण्यात शिकार करतात. फरक एवढाच की कडक उन्हात बास खोल, गार पाण्याकडे उतरतो. मरळ गुडघाभर कोमट पाण्यात गवताच्या सावलीला थांबते. म्हणून भर दुपारीही ती लागते, फक्त माणूस तिथे बसायला हवा. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, आणि सोबत पुरेसं पाणी नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. उष्माघाताने दगावलेल्यांत काठावर बसून राहणारेही असतात.

मरळ लागली की झटका मोठा असतो. तिला सैल सोडलं की ती मुळांत शिरते आणि दोर तुटतो, त्यामुळे लगेच, ताकदीने बाहेर काढावी लागते. बारीक, नाजूक काठीची इथे फजिती होते. खूप वर्षांपासून चालत आलेली वेळूची जाड काठी महागड्या काठीला इथे हार जात नाही, हे मी पैज लावून सांगेन.

मृगाची पहिली सर पडली, नाले वाहू लागले की चढणीचे मासे वर येतात आणि गावंच्या गावं टोपल्या, साड्या, मच्छरदाण्या घेऊन नाल्यात उतरतात. पोटात अंडी असलेला मासा खाण्याची ती मजा मला कधी कळली नाही. मरळीची वीण याच सुमारास. जोडी गवत बाजूला सारून जागा करते, अंडी पाण्यावर तरंगतात, दोनएक दिवसांत फुटतात. मग तांबड्या-केशरी पिल्लांचा एक थवा पाण्यावर फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप असतात. या थव्यावर गळ टाकला तर मरळ हमखास झेपावते. भुकेने नव्हे, ती पिल्लांवर आलेलं संकट हाकलत असते. अशी मरळ धरणं हे गळाचं कौशल्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राखणदार गेले की तासाभरात इतर मासे आणि पाणकावळे थवा संपवतात. बासचा नरही असाच घरट्यावर पहारा देतो, आणि कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताच्या बऱ्याच भागांत म्हणूनच वसंतात त्याची मासेमारी बंद असून ती जूनच्या उत्तरार्धात खुली होते. आपल्याकडे मरळीसाठी असा वेगळा नियम नाही. पण उन्हाळ्यातून तगून निघालेल्या चारदोन जोड्यांवरच त्या तळ्याचं पुढचं वर्ष अवलंबून असतं.

याच मृगाला वऱ्हाडातले कितीतरी दमेकरी गाडीत बसून हैदराबादला जातात. तिथे बथिनी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जिवंत मरळीच्या बोटभर पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतं. त्याचा उपयोग होतो याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही, तरी गर्दी हटत नाही. शेजारच्या तेलंगणाने तर मरळीला राज्यमासा केलं आहे.

अमेरिकेत या कुळाची वेगळीच कीर्ती आहे. २००२ साली मॅरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात चिनी मरळ सापडली. हवेत श्वास घेणारा, जमिनीवरून सरपटणारा मासा म्हणून वर्तमानपत्रांनी धुमाकूळ घातला आणि सरकारने ते तळं विष घालून निर्जीव केलं. फ्लोरिडाच्या कालव्यांत मरळीची आणखी एक चुलत बहीण आता बासच्या शेजारी राहते, आणि बासवाले तिलाही रबरी बेडकानेच धरतात. उलट जपानमध्ये १९२५ साली हौसेने नेलेला बास तिथल्या स्थानिक माशांवर उठला आणि आज तो कायद्याने परका व घातक ठरवलेला आहे. आपल्याकडे १९५२ साली आणलेला तिलापिया, म्हणजे आपला चिलापी, आणि बंदी असूनही लपूनछपून पाळला जाणारा आफ्रिकन मांगूर यांची गोष्ट याहून वेगळी नाही. मत्स्यालयातला नको झालेला मासा तळ्यात ‘सोडून देणं’ हे पुण्य नव्हे.

मेळघाटातल्या सिपना, गडगा, खंडू या नद्या उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. व्याघ्रप्रकल्पात मासेमारीला मनाई आहे, तरी डोहात हिंगणबेट किंवा गेळाचं फळ कुटून टाकण्याची पद्धत जुनी. या फळांनी मासा गुंगून वर येतो. पूर्वी गाव मिळून वर्षातून एखाद्या वेळी ते करत असे. आता शेतातलं कीटकनाशक हाताशी असतं आणि बॅटरीचा करंटही. त्याने डोहातलं सगळंच मरतं. तेच पाणी मग जनावरं पितात. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

बाजारात मरळ जिवंतच हवी असते. घमेल्यात चार बोटं पाणी आणि वर ओलं पोतं एवढ्यावर ती दिवसभर तग धरते, त्यामुळे गिऱ्हाईकही मेलेली घेत नाही. भाव रोहू-कटल्याच्या बराच वर, कारण काटे थोडे आणि मांस घट्ट. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला हीच द्यावी असं घरोघर म्हणतात. साफ करताना मात्र ती हातात राहत नाही. आधी चुलीची राख चोळायची, मगच खवले निघतात. गॅस आल्यापासून राख मिळत नाही म्हणून काही घरांत एक डबा भरून ठेवलेला असतो. भाजलेला कांदा-खोबरं, तिखट, धणे, वरून थोडी आंबट कैरी, आणि रस्सा पातळच. घट्ट केला की मरळीची चव मसाल्यात बुडते. सोबत ज्वारीची भाकर, आणि उन्हाळा असेल तर कांदा बुक्कीनेच फोडायचा.