वाघाच्या कपाळावरचा राजा

पेन्सिल घ्या बरं हातात! एक आडवी रेघ काढा. तिच्याखाली दुसरी. आता वरच्या रेघेच्या मधोमध पेन्सिल टेकवा आणि दुसरीला छेदत उभी रेघ खाली आणा. शेवटी तळाला तिसरी आडवी रेघ. झालं! तुम्ही चिनी लिपीत 'राजा' लिहिलात. उच्चार 'वांग', पण आपण "काऽय?" असं विचारताना आवाज चढवतो ना, तसा चढवून.

साताऱ्यात छत्रपतींची गादी होती, सांगलीत पटवर्धनांचं संस्थान होतं. त्यामुळे राजाच्या खुणा तुम्हाला नव्या नाहीत. आपल्या राजाच्या डोक्यावर छत्र असतं, म्हणून तो छत्रपती. मग चिनी राजाच्या या चार रेघांत काय दडलंय?

दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये तुंग चुंग-शू नावाचे पंडित होते. ते म्हणाले, वरची रेघ आकाश, मधली माणूस, खालची धरती. आणि या तिघांना जोडणारा तो राजा. किती सुंदर कल्पना! पुढे इसवी सन १००च्या सुमारास शू शन यांनी आपल्या मोठ्या शब्दकोशातही ती घेतली. पण या दोघांना या अक्षराचं सगळ्यात जुनं रूप पाहायलाच मिळालं नव्हतं. ते जमिनीत गाडलेलं होतं.

ते उजेडात आलं १८९९ साली. त्या काळी चीनमध्ये 'ड्रॅगनची हाडं' म्हणून जुनी हाडं औषधासाठी विकत. बीजिंगच्या वांग यीरोंग या विद्वानांनी अशा हाडांवरची कोरीव अक्षरं ओळखली. गंमत बघा, त्यांचं आडनावही हेच अक्षर! आज चीनमध्ये नऊ कोटींहून अधिक लोकांचं हे आडनाव आहे.

ही हाडं होती आन्यांग गावाजवळची, तीन हजार वर्षांहून जुन्या शांग राजांच्या काळातली. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घ्यायचं आणि विचारायचं, पाऊस पडेल का? लढाई जिंकू का? मग त्याला आच द्यायची. तडतड तडे जात, आणि तड्यांवरून राजा उत्तर सांगे. ते सगळं त्याच हाडावर कोरून ठेवत. म्हणून 'राजा' हे अक्षर या हाडांवर पुन्हा पुन्हा भेटतं. आणि तिथे ते कसं दिसतं? पातं खाली केलेल्या रुंद कुऱ्हाडीसारखं! बहुतेक अभ्यासक आज हेच मानतात. ज्याच्या हाती ती मोठी कुऱ्हाड, त्याच्या हाती लढाईचा आणि शिक्षेचा हुकूम. तळाची आडवी रेघ म्हणजे त्या कुऱ्हाडीची धार.

अशी खरीखुरी कुऱ्हाडही सापडली आहे. १९७६ मध्ये आन्यांगलाच फू हाव या राणीची कबर मिळाली. ही राणी स्वतः सेनापती होती, हजारोंचं सैन्य घेऊन लढायची. तिच्या काशाच्या एका कुऱ्हाडीचं वजन आहे सुमारे नऊ किलो! पात्यावर माणसाचं डोकं कोरलंय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जबडा उघडलेले दोन वाघ.

वाघच का? चीनच्या जंगलात सिंह नाहीत, त्यामुळे तिथे प्राण्यांचा राजा वाघ. त्याच्या कपाळावरचे काळे पट्टे नीट पाहा. चिनी लोकांना तिथे 'वांग' लिहिलेलं दिसतं. लहान बाळांच्या वाघटोपीवर ते कपाळाशी हेच अक्षर भरतात.

असं कपाळ असलेल्या प्राण्याचं जंगल तुमच्या शेजारीच आहे. सातारा जिल्ह्यातलं कोयना अभयारण्य आणि सांगलीकडचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, जवळजवळ ११६५ चौरस किलोमीटरचा. तिथेही वाघाचे पट्टे वाचतात, पण वाघ ओळखण्यासाठी. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. केस काढले तरी खाली कातडीवर ते दिसतातच. एवढंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते! म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो मिळतात, आणि एकच वाघ चुकून दोनदा मोजला जात नाही.